दार लावून घ्यायचा दिवस

भैंशाच्या त्या घराच्या चौकटीवर उजव्या बाजूला दोन खिळ्यांची भोकं अजून आहेत. एक वर, एक खाली, जराशी तिरपी. मधल्या काळात चौकटीवरून चार-पाच रंग तरी फिरले असतील. आत्ताचा पोपटी आहे, डोळ्यांत खुपणारा. पण भोकं कुणी बुजवली नाहीत. तिथे आमची मेजुजा होती. पितळेच्या नळीत प्रार्थनेची बारीक गुंडाळी, चौकटीला ठोकलेली. जाता-येता तिला बोटं लावायची आणि बोटं ओठांना न्यायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, "मिस्त्रीच्या घरचे लोक दाराचा मुका घेतेत." मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, बायका खोटं कुठे बोलत होत्या?

मी त्या भोकांवर बोट ठेवून उभी होते. आतून एक बाई आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग मराठीत विचारती झाली, कोण पाहिजे? मी म्हटलं, कोणी नको, दार पाहायला आले. तिनं मला नीट न्याहाळलं आणि पाणी आणायला आत गेली. म्हाताऱ्या बाईला वेड लागलेलं चालतं, हा म्हातारपणाचा मोठाच फायदा आहे. नांदेडला सुनेला मी सांगून आले होते की दात दाखवायला जाते. दात एकही दुखत नव्हता.

आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल. आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा, म्हणून गावानं आम्हाला शनवार तेली म्हटलेलं. बाबा इंजिनाचं काम शिकले आणि कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनवाले मिस्त्री म्हणून तेलंगणातल्या भैंशाला आले. "तेल्याचा पोर सरकीच्या गावाला आला, यात नवल काय," असं ते म्हणत. अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात आमच्या लोकांचं दुसरं घर होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. आम्हाला तरी कधी सापडलं नाही. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आमच्याकडे एक होता. तो एकटा पश्चिमेला, जेरुसलेमकडे तोंड करून उभा राहायचा, आणि आमच्या घरापासून पश्चिमेला जिनिंगचं धुराडं होतं. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत अशी की देव बॉयलरच्या मागे राहतो.

ही गोष्ट मी बारा वर्षांची झाले त्या वर्षाची. बारा वर्षांची मुलगी आमच्यात जाणती धरतात. मी तर स्वतःला आपल्या लोकांसाठी तीन दिवस उपाशी राहिलेली पोथीतली राणी एस्तेरच धरत होते.

पावसाळा सरला की आमचा नव्याचा सण यायचा. वर्षाचा पहिला दिवस. मुंबईच्या मामांचं पोस्टकार्ड आधी यायचं, त्यात सणांच्या तारखा. मग आईचा गव्हाचा चीक निघायचा, नारळाच्या दुधात हलवा घोटला जायचा, आणि घरभर तो गोड, किंचित करपलेला वास. नव्या वर्षापासून दहाव्या दिवशी दरफाळणीचा सण, म्हणजे दार लावून घ्यायचा सण. पुस्तकात त्याला योम किप्पूर म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी पांढरे कपडे, एक संध्याकाळ ते दुसरी संध्याकाळ अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. दारं-खिडक्या बंद. बाहेर पाऊल टाकायचं नाही, बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही. वर्षभराच्या पापांचा त्या दिवशी निकाल.

गावात त्याच दहा दिवसांत नवरात्र असे. आमचे दहा दिवस घरात, गावाचे दहा दिवस रस्त्यावर. संध्याकाळी तेलुगू बायका पितळी ताटांत तरवडाच्या पिवळ्या फुलांचे मनोरे रचून बतुकम्मा खेळायच्या, टाळ्यांचा आवाज आमच्या पत्र्यापर्यंत यायचा. शकू आणि मी तिथे जाऊन उभ्या राहायचो. गाणं कळायचं नाही, टाळी मात्र आम्ही सगळ्यांच्या आधी वाजवायचो.

शकू म्हणजे समोरच्या ओळीतल्या गिरदावरांची मुलगी. गिरदावर म्हणजे तलाठ्यांवरचे साहेब, निजामाच्या काळापासून तोच शब्द. शकूच्या दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, आणि खोबरेल तेलाचा वास. ती आमच्या घरात तिच्या घरापेक्षा जास्त असायची. आईच्या हाताखाली नारळ खवायला तीच.

त्या वर्षी नव्याच्या सणाच्या आदल्या दुपारी आईनं डालड्याचा डबा उघडला. त्यात मामांनी धाडलेल्या काळ्या मनुका. त्या भिजवून, कुस्करून शरबत करायचं आणि त्यावर आशीर्वाद म्हणून वर्षाची सुरुवात करायची. डबा अर्धा रिकामा होता.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शकू होती ना इथं."

वाक्य अगदी खरं होतं. शकू होतीच तिथे, तेव्हाही होती, खवणीवर बसलेली. फक्त मनुका मी खाल्ल्या होत्या. तीन दिवस, मूठ-मूठ, दाराआड उभी राहून. आजही माझ्या नातवंडांना मी खोटं बोलू नका असं सांगत नाही. खरं बोलताना जपा, असं सांगते.

आई मवाळ बाई. ती शकूला इतकंच म्हणाली, "शकू, हव्या होत्या तर मागायच्या गो. देवाच्या होत्या त्या."

शकूनं माझ्याकडे पाहिलं. मी एकाएकी नारळाच्या किसाकडे इतक्या भक्तीनं बघायला लागले की काय सांगू. ती उठली, हात परकराला पुसले आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी बाबांनी दरवर्षीप्रमाणे सांगितलं होतं, "देवाशी केलेली पापं देव माफ करतो. माणसाशी केलेलं पाप देवाच्या हातात नाही. त्या माणसाकडे जायचं, तोंडानं माफी मागायची. दार लावायच्या आत. दहा दिवस आहेत."

दहा दिवस! बारा वर्षांच्या मुलीला दहा दिवस म्हणजे जन्म वाटतो. पाण्याच्या नळावर शकू दिसली तेव्हा मी रिकामी घागर घेऊन परत आले आणि आईला सांगितलं की नळाला पाणी नाही. बतुकम्माच्या टाळ्या सुरू झाल्या की माझे पाय शिवशिवायचे, पण तिथे शकू असणार, म्हणून मी घरात बसून हात मांडीवर दाबून धरायची. त्या दिवसांत मी गल्लीतून चोरासारखी चालायची. चोरच होते, त्यात काय.

आणि मग मला युक्ती सुचली. मी पहिल्यांदाच पुरा रोजा, म्हणजे उपास, धरणार होते. तो इतका कडक धरायचा, इतका कडक, की देवानं दिपून जावं आणि शकूचं प्रकरण परस्पर मिटवून टाकावं. मी शाळेत सांगत सुटले. "आमच्यात थुंकीसुद्धा गिळत नाहीत." हे मी बनवलेलं. "तुमचे उपास म्हंजे साबुदाण्याची मेजवानी." शकू दोन बाकं मागे होती. तिला ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्यानं बोलत होते. म्हणजे बघा, जिची माफी मागायची तिच्यासमोर पुण्याचा तोरा मिरवायचा! ती पोरगी आत्ता माझ्या समोर आली तर मी तिचा कान धरेन आणि सोडणार नाही.

आठव्या दिवशी शकूची आई आमच्याकडे आली. गिरदावरांची बदली वांकिडीला झाली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. "परवा दसऱ्यालेच निघून राह्यलो आमी," त्या म्हणाल्या. "दसऱ्याले मुहूर्त पाहा लागत नाही. दुपारी मोटर येते सामान न्यायले. शकू काऊन येत नाही वं हिकडं? भांडल्या का?"

आई बोटांवर मोजत होती. दसरा आणि दरफाळणी त्या वर्षी एकाच दिवशी आले होते.

म्हणजे मला उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ. दुसऱ्या दिवशी मी गेले, नाही असं नाही. त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले. शकू बांधलेल्या वळकटीवर बसली होती, पाय हलवत, कुणाशी तरी हसत. ती हसतेय म्हणजे तिला काही वाटलेलं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि उलटी फिरले. इतकी हलकी होऊन परतले की वाटेत उडीसुद्धा मारली.

सूर्य बुडायच्या आत आम्ही जेवलो. आईनं कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. पांढरा परकर, पांढरं पोलकं. बाबांनी दार ओढलं, कडी घातली. त्या कडीचा आवाज अजून माझ्या दातांत आहे. खरंच दात दाखवायला हवे होते.

दीड खोलीचं घर, वर पत्रा. आश्विनातलं ऊन पत्र्यावर नऊ वाजताच तापतं. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक सुरी आत यायची आणि जमिनीवरून हळूहळू सरकायची, तेवढंच आमचं घड्याळ. बाबा पश्चिमेला तोंड करून पुस्तक वाचत होते, ओठ हलत होते, मधेच आवाज चढायचा आणि पुन्हा खाली जायचा. आई भिंतीला टेकून डोळे मिटून. दर वर्षी त्या दिवशी आमची गेलेली माणसं घरात येऊन बसतात, असं ती सांगायची. त्या दीड खोलीत आम्ही तिघं आणि अलिबागपर्यंतचे सगळे पूर्वज. हवा तरी कुठून असणार?

कोपऱ्यात माठ होता, पांढऱ्या फडक्यानं झाकलेला. मी त्याच्याकडे पाठ करून बसले, तर माझ्या पाठीला तो दिसायला लागला. माठ पाझरतो त्याचा आवाज होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे? होतो. बारीक, ओला, टिपटिपसुद्धा नाही, त्याहून कमी.

बाहेर गाव सणात होतं. सडा पडल्याचा वास. कुणाच्या तरी कढईतल्या सरकीच्या तेलाचा, मग पुरणाचा, वेलदोड्याचा. डप्पूचा, म्हणजे तिकडच्या डफाचा, ताल जवळ यायचा, आमच्या दारापाशी थोडा मंद व्हायचा आणि पुढे जायचा. "मिस्त्रीचं घर आज बंद राह्यते रे, चला म्होरं." लोकांना माहीत होतं. बाया दारावरून जाताना आवाज खाली करत. आमच्या देवाला ते ओळखत नव्हते, पण त्याची झोपमोड होऊ नये एवढं बघत होते.

दुपारी आपट्याची पानं वाटणं सुरू झालं. तिकडे शमीचीही वाटतात. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. वर्षभर बोलले नाहीत ते दसऱ्याला पानं देतात, गळाभेट घेतात, आणि संपलं. आमच्या ओळीतली सगळी दारं एकामागून एक वाजत होती. हसण्याचे आवाज, वडीलधाऱ्यांचे "सुखी ऱ्हाय" असे आशीर्वाद. फक्त एक दार सोडून पुढे जात होती पावलं. मी जमिनीवर पालथी पडले होते. जीभ टाळ्याला चिकटलेली. मी पापांचा विचार करावा अशी अपेक्षा होती. मी लिंबाचा विचार करत होते.

आणि आमचं दार वाजलं.

हळू. बोटाच्या पेरानं. मग शकूचा आवाज, फटीला तोंड लावून.

"ए! सोनं आनलं वं तुले."

मी उठून दारापाशी गेले. कधी गेले मला कळलं नाही.

"मले ठावं हाय तुमचं दार बंद राह्यते. पन आमी निघालो ना. मोटर लागली." थोडं थांबून, "काऊन बोलून नाही राह्यली? मी रागात नाही वं."

माझा हात कडीवर होता. लोखंड गरम झालं होतं. मागे बाबांचा आवाज चालूच होता, त्यांनी वळून पाहिलं नाही. आईचे डोळे मिटलेले. मला कुणीही अडवत नव्हतं. हे मी आज शपथेवर सांगते, कारण पुढे कित्येक वर्षं मी लोकांना वेगळंच सांगत आले. अडवत होती ती माझी अक्कल. ती म्हणाली, तू बोललीस तर रोजा मोडेल, अख्ख्या शाळेला सांगून बसलीस. आणि त्याच्याही खालून एक बारीक आवाज म्हणाला, बरं झालं, आता दारच बंद आहे, आता माफी मागायची सोयच नाही. तो आवाज मला किती गोड वाटला!

मी श्वास धरून उभी राहिले. ती पलीकडे, मी अलीकडे. मधे दोन बोटं जाडीची सागाची फळी.

"बरं," शकू म्हणाली. दाराखालच्या फटीतून दोन पानं आत सरकली. आपट्याची, जोडपानं, कडांना थोडी करपलेली. लांबून तिच्या वडिलांची हाक आली. मग आणखी एक. तरी ती लगेच गेली नाही. मग पावलं, मग मोटरीचं घरघरणं, आणि मग इतकी शांतता की माठ पुन्हा ऐकू यायला लागला.

त्यानंतरची दुपार मी सांगू शकत नाही. उन्हाची सुरी भिंतीवर चढली, पिवळी झाली, विझली. बाबांनी शेवटची प्रार्थना उभ्यानं म्हटली. त्या वेळी आकाशाची दारं मिटतात, ज्याला काही मागायचं त्यानं आत्ता मागा. मी मागितलं. काय मागितलं? की मला भूक नाही लागली असं सगळ्यांना वाटू दे. बघा.

तीन तारे दिसले तशी बाबांनी कडी काढली. वारा आत आला, त्याला झेंडूचा वास होता. आईनं शरबताचा पेला माझ्या हातात दिला, त्याच उरलेल्या मनुकांचा. मी ओठाला लावला आणि तोंडातून सगळं भडाभडा बाहेर आलं. मनुका, शकू, पानं, सगळं.

बाबा मग म्हणाले, "तू दार का नाही उघडलंस?"

"दरफाळणी होती ना, बाबा."

"अगो, दार लावतात ते माणसानं बाहेर हिंडू नये, आपल्याशी बसावं म्हणून. माफी दारात आलीय हे मला कळलं असतं तर मी पुस्तक खाली ठेवून कडी काढली असती."

आईनं आपला पेला न पिता खाली ठेवला. "मी त्या पोरीला चोर म्हटलं," ती म्हणाली. एवढंच. त्या रात्री तिनं रोजा सोडला तो नुसत्या पाण्यावर. दुसऱ्या दिवशी आमचा शिळा सण, त्या दिवशी पुऱ्या वाटतात. आई सकाळीच ताट घेऊन मला हाताला धरून समोरच्या ओळीत गेली. ते गेलेत हे तिला माहीत होतं, तरी गेली. घराला कुलूपही नव्हतं. जमीन सारवलेली, चुलीत थंड राख, कोपऱ्यात एक लाल रिबीन. आई त्या रिकाम्या घरात ताट हातात धरून उभी राहिली. माझी अख्ख्या वर्षाची सजा त्या दोन मिनिटांत होती.

मग पत्र लिहायचं ठरलं. पोस्टकार्ड. पोस्टकार्ड सगळं गाव वाचतं, म्हणून मी लिहिलं, आमी खुशाल आहोत, तुमी कशा आहात. पुढल्या वर्षी बाबांना पुण्याला नोकरी लागली. नंतर लग्न, मुलं, निम्मे नातलग इस्राएलला गेले, आम्ही राहिलो. दर वर्षी मी दरफाळणीला दार लावून बसते. लोक म्हणतात, या वयातही बाईचा रोजा किती कडक! मी मान हलवते. घरात एसी आहे, माठ नाही. तरी दुपार कलली की मी फटीकडे बघते, आणि दार लावून घेतलेली ती बारा वर्षांची शहाणी माझ्या आत तशीच श्वास धरून उभी असते. तिला सोडवायचं कसं, मला माहीत नव्हतं.

पोपटी दाराच्या बाईनं पाणी दिलं. मी विचारलं, इथे गिरदावर राहायचे त्यांचं कुणी? ती म्हणाली, त्यांचा धाकटा मुलगा पुढे इथेच परतला, बस स्टँडजवळ त्याचं बियाण्याचं दुकान आहे. तो आमच्या वेळी पाळण्यात होता. आता त्याचेच केस पांढरे. मी दुकानात जाऊन ओळख सांगितल्यावर त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि मी नको नको म्हणेपर्यंत मोबाइल लावला. "ताई वांकिडीलेच देली ना, तिथंच हाय. ताई, पाह्य कोन आलं! भैंशाचे मिस्त्री होते ना, दार बंद करनारे, त्यायची पोरगी!"

त्यानं फोन माझ्या हातात कोंबला. सरकीच्या पोत्यांमध्ये बसून मी म्हटलं, "शकू."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग, "बोल वं."

मी मनुकांबद्दल बोलायला लागले. घाईघाईनं, एका दमात. आई, डालड्याचा डबा, मूठ-मूठ, शकू होती ना इथं.

"मनुका?" ती म्हणाली. "मले नाही आठवत बाप्पा." मग गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. "दार आठवते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू आत होतीस."

"होते."

"पानं सरकवाले मी खाली वाकली ना, तुये पाय दिसले मले. फटीतून. पांढरा परकर अन पायाची बोटं. बोटं अशी आकसून धरली होती तू. बापू हाका मारून राह्यले, मी उभीच. म्हटलं, आता उघडते. आता उघडते."

माझी थुंकी गिळली जाईना. तिचा भाऊ पोती मोजत असल्याचं सोंग करत होता.

"शकू, मला माफ कर."

"नाही," ती म्हणाली.

रागानं नाही. भाजीत मीठ आहे का विचारल्यावर सांगावं तसं. आणि काय सांगू, माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. इतकी वर्षं मी बंद दाराशी बोलत होते, दारानं कधी नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं.

"आमच्यात तीनदा मागायची असते," मी म्हटलं. "वेगवेगळ्या वेळी."

"मंग? दोनदा राह्यलं म्हन." मला वाटतं, ती हसली. "पन फोनवर मले नाही चालत. मले तोंड पाहा लागते."

मी फोन परत दिला. यंदा दार लावायला अजून अडीच दिवस होते. तिच्या भावाला मी विचारलं, वांकिडीला कसं जायचं? तो म्हणाला, निर्मलला बदला, मग आसिफाबादला, फार लांब पडते आजी, आज काऊन जाता, उद्या सकाळी जा ना.

मी म्हटलं, "नाही बाबा, मला उद्याची फार सवय आहे," आणि निर्मलची गाडी लागली होती त्या दिशेनं चालू लागले.